एकाच रंगाची वायर

रविवार, २ फेब्रुवारी
पेटी अखेर घरात आली. गिटारच्या स्पीकरची, चार स्पीकर, प्रत्येकी बारा इंची, सगळं मूळचं. जेवणाच्या टेबलावर ठेवली. ग्लेनिसने विचारलं, "आणि आपण जेवायचं कुठे?" मोठ्या कामाच्या तोंडावर बायकोला हेच सुचावं!

संकल्प: पेटी कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती, अगदी तशी करायची. मुदत वीस दिवस. शनिवारी २२ तारखेला कामगार क्लबात आमचा बँड पंचवीस वर्षांनी पुन्हा वाजणार. क्लिफ (ड्रम वाजवतो, स्वतःला मॅनेजर समजतो) म्हणाला, स्टेज लहान आहे, मुख्य गिटार एकच. "तुझी पेटी वाजली तर तू. नाही वाजली तर मॅल्कम."

मॅल्कम! त्याला तीन सूर येतात, त्यातले दोन सारखेच.

बुधवार, ५ फेब्रुवारी
मागची फळी काढली आणि डोकंच फिरलं. आधीच्या कुणा गाढवाने आत लाल-काळी प्लास्टिकची वायर घातली आहे! त्या काळी कापडाच्या वेष्टनाची वायर असे, मातकट, सगळी एकाच रंगाची. माझ्याकडे फोटो आहे. लाल-काळी सगळी कापून फेकली. रागात माझा हात फार चांगला चालतो.

ग्लेनिस दारातून म्हणाली, "कापायच्या आधी खुणा केल्यास का? कुठली कुठे जाते त्याच्या?"
म्हटलं, खुणा ज्यांच्या डोक्यात काही राहत नाही त्यांनी कराव्यात. तिने रेडिओच्या कारखान्यात अकरा वर्षं वायरी जोडल्या, म्हणून तिला वाटतं तिला यातलं कळतं. मी सगळं स्वतः शिकलो. पुस्तकातून.

रविवार, ९ फेब्रुवारी
समोरचं कापड टबात धुतलं. हलक्या हाताने. चारी बाजूंनी इंचभर आकसलं. या गावाचं पाणीच हलकट आहे. ग्लेनिस म्हणाली, उशीला बरोबर बसेल. हसली नाही, पण हसू दाबताना तिचे कान हलतात. मला दिसतात.

बुधवार, १२ फेब्रुवारी
जोडणी पूर्ण. आठ टोकं, आठ सांधे, प्रत्येक भिंगाखाली तपासला. आतून इतकी देखणी पेटी या देशात दुसरी नसेल.

संध्याकाळी ६. वाजवली. आवाज डब्यात अडकलेल्या माशीचा. खर्ज नाहीच.
निष्कर्ष: खालचे दोन स्पीकर मेले. विकणाऱ्याला कडक पत्र लिहायला घेतलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
मॅल्कम 'सहज' आला. म्हणजे हेरगिरीला. मेलेले दोन स्पीकर बघून म्हणाला, "टाकतोयस? मग मी नेतो की." म्हटलं, ने, दार अडवायला ठेव. ग्लेनिस काहीतरी बोलणार होती. मी हात वर केला.

ती आज मला व्हॅलेंटाइनचं कार्ड देणार हे मी विसरलो होतो. तिला द्यायचंही विसरलो. कार्डाबरोबर तिने टेबलावर एक चौकोनी बॅटरी ठेवली. म्हणे, पेटीच्या प्लगला टेकवून बघ, स्पीकरच्या तोंडावरचे कागद सगळे एकाच दिशेला उडी मारतात का. बॅटरी कुठून आली? छताला लावलेल्या, धूर झाला की वाजणाऱ्या घंटीतून! आमच्या जिवाशी खेळ! ताबडतोब परत बसवली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
त्याच सालचे दुसरे दोन स्पीकर मिळवून बसवले. तीच माशी. तीन तास विचार केला. दोष खोलीचा आहे. शिवाय जुन्या पेटीचा आवाज असाच असतो. आजकालच्या कानांना सवय नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी
सराव. क्लिफने काठ्या खाली ठेवल्या आणि विचारलं, "नॉर्मन, तुझी गिटार इथे वाजतेय की शेजारच्या गल्लीत?" सगळे हसले. मॅल्कम जास्त. मी पेटी उचलून निघून आलो.

घरी ग्लेनिसने स्टूल घेतलं, घंटीतली बॅटरी काढली आणि प्लगला टेकवली. वरचे दोन कागद बाहेर आले. खालचे दोन आत गेले. "निम्मे ढकलतात, निम्मे ओढतात," ती म्हणाली. "मग खर्ज उरणार कसा? टोकं उलटी लागू नयेत, लाल-काळं त्यासाठीच होतं रे. सरक, दहा मिनिटांत करून देते."

माझ्या पेटीला कुणी हात लावायचा नाही, असं स्पष्ट सांगितलं. जरा मोठ्याने सांगितलं असेन.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
स्वतः केलं. अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे दोनच नाही, चारही स्पीकरच्या वायरी उलट्या केल्या. वाजवून बघितलं नाही. गरज नाही. उद्या क्लिफचं तोंड बघायचंय.

रविवार, २३ फेब्रुवारी
माशी.

काल क्लबात माझा पहिला सूर ऐकून क्लिफने काठ्या थांबवल्या. मग मॅल्कमकडे बघून हनुवटी हलवली. मॅल्कमने एक छोटी, रंगही न लावलेली पेटी आणली. आत माझे दोन मेलेले स्पीकर. मागून लाल-काळी वायर दिसत होती. पहिल्याच सुराला टेबलावरचे ग्लास थरथरले. मी विचारलं, कुणी जोडलं हे? म्हणाला, "ग्लेनिसने. दहा मिनिटं लागली. चहाही पाजला."

त्याची पेटी जमिनीवर ठेवली तर फार खाली राहत होती, म्हणून ती माझ्या पेटीवर ठेवली. क्लिफ म्हणाला, "बघ, उंची कशी अगदी बरोबर आली!" मी कोट ठेवायच्या खुर्चीशेजारी बसलो. ग्लेनिस चार गाणी नाचली. तिने मला दोनदा बोलावलं.

आज ती बहिणीकडे गेली आहे. टोस्ट जळला. घंटी वाजली नाही. बॅटरी अजून टेबलावरच आहे.

दुपारी ३. घरात कुणी नाही, खात्री करून घेतली. बॅटरी टेकवली.
आता खालचे दोन बाहेर. वरचे दोन आत.