दगडी करकोचा

बाबा,

तुम्हाला आणि आईला इथूनच वाकून नमस्कार. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा आता कसा आहे?

शांघायमधल्या एका जुन्या गल्लीतली घरं आम्ही दुरुस्त करतोय. आतले नळ, मोऱ्या नव्या करायच्या, बाहेरून मात्र घर होतं तसंच दिसायला हवं. तिथे राहणाऱ्या शेन आजींच्या दारावरच्या दगडी पट्टीवर मातीचा जाड लेप होता. आधी बोटांनी वाजवून बघ, असं तुम्ही शिकवलंत. मी घाईत सरळ छिन्नी मारली. आत दगडात कोरलेला करकोचा होता. त्याची मान तुटली.

आवाज ऐकून आजी बाहेर आल्या. "सहासष्ट साली, सांस्कृतिक क्रांतीत, पोरं जुनं ते सगळं फोडत हिंडायची. सासऱ्यांनी माती लिंपून हा वाचवला. पक्षी शाबूत आहे, असं मरेपर्यंत सांगायचे."

तुकडा खिशात लपवत मी म्हणालो, "आजी, तो आधीच फुटलेला होता."

त्या मान वर करून म्हणाल्या, "म्हणजे म्हातारा जन्मभर खोटं बोलला."

दुपारी मला बोलावून त्यांनी रश्शातले गरम हुंतुन वाढले. "तू का तोंड पाडतोस? तुझी काय चूक?" भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो त्यांनी उतरवून ठेवला होता. वाडगा तसाच ठेवून मी उठलो, बाबा. तुमचं नाव सांगूनच मला हे काम मिळालंय.

तुकडा अजून खिशातच आहे. टपालपेटी आजींच्या घरापुढे आहे. हे पत्र तुम्हाला मिळालं, तर समजा की पेटीशी जाण्याआधी मी त्यांचं दार वाजवलं.

तुमचा,
चंगहे