ताणातली मोसंबी

श्रीगोंदा,
चैत्र, १९७३

प्रिय अण्णा,

आज सकाळी बांधाकडच्या मोसंबीची साल नखानं खरवडली, तर खाली हिरवं निघालं! ओलं, नखाला चिकटणारं हिरवं. तीन महिने अंगावर एक पान नाही, आणि आत हे? हे ऐकून ज्याला माझ्याइतकं नवल वाटलं असतं तो माणूस, माझा बाप, पौषातच आम्हां भावंडांना सोडून देवाघरी गेला. म्हणून, अण्णा, गेलात तरी तुम्हांलाच लिहायला बसले.

यंदाच्या दुष्काळात विहिरीनं तुमच्यादेखतच हात टेकले होते. तळाशी झिरपतं ते माणसांपुरतं. वसंतानं बाग तोडायला काढली होती, चाळीसच्या चाळीस झाडं. सोमवारी कुऱ्हाडवाला येणार आहे. माझा धाकटा भाऊ तो, पण मी त्याला नाही नाही ते बोलले आणि आठ दिवसांची मुदत मागून घेतली; ती सोमवारी संपते.

लहानपणी मला तुमचं एक वागणं मुळीच कळायचं नाही. एरवी झाडांना जपणारा माणूस मार्गशीर्षात बागेचं पाणी एकदम बंद करायचा. पानं पिवळी पडायची, गळायची, आणि तुम्ही हात मागं बांधून शांतपणे बघत उभे! विचारलं तर म्हणायचात, "ताण दिलाय." मग महिन्याभरानं खत, हलकं पाणी, आणि काही दिवसांत पांढऱ्या फुलांचा असा वास सुटायचा की शेजारच्या मळ्यातली माणसं बांधावर येऊन उभी राहायची.

आठवतं का, मी दहा वर्षांची असताना एका झाडाची मला फार दया आली होती? भांडी घासलेलं पाणी मी रोज चोरून त्याच्या बुडाशी ओतत होते. बाकीची झाडं फुलली आणि माझं लाडकं नुसतं हिरवंगार, फुलाचा पत्ता नाही. आता मार बसणार म्हणून मी रडवेली झाले. तुम्ही मात्र हसलात. "तू त्येला सुखात ठिवलंस, शके. त्येला वाटतंय, आपलं बरं चाललंय. मंग कशाला फुलंल त्ये?"

झाडाला वाटतं? कशानं वाटतं? त्याला काय डोकं आहे? मी विचारत सुटले, आणि तुम्ही नेहमीसारखं "बघ की" म्हणून खुरपं उचललंत. अण्णा, या तुमच्या "बघ की"चा मला भारी राग यायचा. आज मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, पण मुलांना एकदाही तसं म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात शाळेच्या कामानं नगरला गेले, तेव्हा तोच जुना प्रश्न घेऊन एका कॉलेजात घुसले. तिथं वनस्पतिशास्त्राचे एक तरुण सर भेटले. त्यांनी दोन कुंड्या पुढं ठेवल्या. एका रोपाला पाणी दिलेलं, दुसऱ्याला तीन दिवस नाही. दोघांच्या पानांचे पापुद्रे काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. काय सांगू! पानाला बारीक बारीक तोंडं असतात. पाणी प्यालेल्या पानाची उघडी होती, तहानलेल्याची घट्ट मिटलेली. आतली वाफ बाहेर जाऊ नये म्हणून.

पुस्तकात वाचलेलं होतं, पण ती कोण मिटतं हे ठाऊक नव्हतं. सर म्हणाले, पान सुकायला लागलं की स्वतःच एक द्रव्य तयार करतं, आणि ते या तोंडांना बंद व्हायला सांगतं. हे अगदी अलीकडं कळलंय म्हणे. नाव ॲब्सिसिक ॲसिड. तुमच्या तोंडात या नावाचं काय झालं असतं देव जाणे! आणि पानं गळतात त्यात एका वायूचा हात असतो. कुठला असेल? आढीत एक पिकला आंबा ठेवला की बाकीचे पिकतात ना, तोच! झाड असं आपलं आपण पान सोडतं, आणि मागं राहिलेलं पाणी खोडामुळांसाठी राखतं.

"पण पानाला पहिल्यांदा कळतं कसं, पाणी कमी पडलंय म्हणून?" मी विचारलं. सर हसले. "ते अजून आम्हांलाही नीट ठाऊक नाही, बाई." मला इतकं बरं वाटलं! मग त्यांनी बजावलं, यानं झाड तग धरतं, पण कायमचं नाही. शेवटी पाणी लागतंच. तोडायच्या आधी साल खरवडून बघा.

आता जे सांगायचं टाळतेय ते सांगते. संक्रांतीला मी आले तेव्हा तुम्ही तापानं फणफणला होतात, तरी काठी टेकत बागेकडं निघालात. "मेली न्हाईत गं, गप बसलीत," म्हणत होतात. मला तुमची काळजी वाटत होती, तिचाच राग झाला. बागेत पाऊल न टाकता मी फाडकन बोलले, "अण्णा, झाडं मेलीत. सोडा आता नाद." तुम्ही वळलात आणि खाटेवर येऊन पडलात. वाद घातला नाहीत. मला वाटलं, थकलात.

आज हिरवी साल दाखवून मी वसंताला म्हटलं, "आता तरी लाज वाटते का? अण्णांची बाग तोडायला निघाला होतास."

त्यानं खरवडलेल्या सालीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "ताई, म्या कुटं ठरवलं? अण्णाच म्हनलं जायच्या आधी. 'शकी म्हनती मेली. ती शिकल्याली हाय, तिला कळतंय. म्या आडानी, उगं आशा धरून बसलो. तोडून टाक,' म्हनलं."

अण्णा, असं का केलंत? जन्मभर कुणाचं ऐकलं नाहीत. सरकारी साहेबाला बांधावरून परत पाठवलंत. आणि ऐकलंत ते माझं, मी न बघता बोललेलं? तुमच्या डोळ्यांना दिसत होतं ना?

आम्ही दोघांनी दुपारपर्यंत सगळी झाडं बघितली. तेवीस हिरवी आहेत, सतरा गेली. सतरा सोमवारी तुटतील, आणि तिथं मी स्वतः उभी राहीन. तेविसांच्या बुडाशी ओल टिकावी म्हणून उसाचं पाचट अंथरतोय. घरातलं आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी आजपासून त्यांचं. किती जगतील ते सांगता येत नाही, आणि आता उगाच सांगणारही नाही.

एवढं वचन देते. शिकलेली बाई म्हणून कुणी मला काही विचारलं, तर आधी उठून त्याच्या बांधावर जाईन. बघेन. मगच तोंड उघडीन.

तुम्हीच बरोबर होतात, अण्णा. हे तुम्ही असताना तुम्हांला कळायला हवं होतं.

तुमचीच,
शकू