रोपं कशानं करपली

ता. ६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. मी धडधाकट आहे, तुम्हीही सगळे तसेच असाल असं धरून चालतो. सहावीत शाळा सोडली, तेव्हा अक्षराला हसायचं तर हस, पण पत्र पुरतं वाच.

काकड्या खारवायच्या कारखान्यात लागून आठ महिने झाले. पिंपात कोवळ्या काकड्या भरायच्या, वर मिठाचं पाणी ओतायचं आणि मीठ रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं. मला धीर कुठला! गेल्या आठवड्यात म्हटलं, रोजची कटकट कोण करणार, आणि सगळं मीठ पहिल्याच दिवशी ओतून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी बघतो तर काकड्या म्हाताऱ्याच्या बोटांसारख्या सुरकुतलेल्या. शेजारच्या पिंपावरच्या मावशी म्हणाल्या, बाबा रे, तू चूल पेटायच्या आधी जेवायला बसणारा.

सुपरवायझरनं आधी शिव्या घातल्या, मग एक काकडी चिरून समजावलं. आत बारीक बारीक खोल्या असतात, त्यांना पेशी म्हणतात. खोलीची भिंत पाण्याला वाट देते, मिठाला सहजी देत नाही. बाहेर मीठ फार झालं की आतलं पाणी बाहेर निघून जातं. झाडाच्या मुळाचंही असंच, म्हणाला. खत जास्त झालं की रोप पाण्यात उभं असून तहानेनं मरतं.

दादा, मला एकदम आठवली ती आपल्या नर्सरीतली टोमॅटोची रोपं! लवकर वाढावीत म्हणून मी त्यांना पाचपट खत दिलं होतं. ती करपली, तू बाबांना तणनाशकाचा रिकामा डबा दाखवलास, आणि बाबा म्हणाले, नर्सरी दादाच्या हाती दिली म्हणून यानं डूख धरून विष घातलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. मी तरी काय सांगणार होतो? खत म्हणजे अन्न, अन्नानं कोण मरतं? झारीलाच कुठं विष लागलं असेल असं मीही धरून चाललो.

बाबांना वाचता येत नाही, पत्र तूच वाचशील. हा भाग दोनदा वाच. मला घरी यायचंय. लोभ आटू देऊ नकोस.
तुझा भिंगरी


ता. १९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ. पत्र पोचलं. शुद्धलेखन अजून होतं तिथंच आहे. बाबांचा गुडघा दुखतो, तुझी वहिनी शेक देते. बाकी ठीक.

झालं गेलं उकरू नकोस. तू गेल्यावर मी हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. सलग दोन दिवस रोपांच्या ट्रेंमधून साधं पाणी सोडत होतो, पार खालून गळेपर्यंत. तेव्हा कुठं तिसरा हिस्सा रोपं वाचली. बाबा अजून येणाऱ्या जाणाऱ्याला कौतुकानं सांगतात. नर्सरी आता एका हाताखाली नीट चालते. तुझा विषय काढला की बाबांना त्रास होतो. तू तिथंच जम बसव.
तुझा दादा


ता. २ मार्च

ती. दादास,
नमस्कार. तुझं पत्र खिशात ठेवून कामावर गेलो. आज मुरलेल्या काकड्या धुवायची पाळी होती. साध्या पाण्यात टाकायच्या, पाणी बदलत राहायचं, की खार उतरतो. तिसऱ्यांदा पाणी बदलताना माझा हात थांबला.

तणनाशकानं जळलेल्या रोपाला कुणी दोन दोन दिवस पाणी सोडत बसतं का? तसं पाणी खार धुवायलाच सोडतात. म्हणजे खतानं झालं हे तुला त्याच दिवशी कळलं होतं. तरी तू डबा शोधून आणलास. मला गोठा झाडायला लावून तू बाबांच्या हातात डबा दिलास. मला वाटायचं, घरात मीच तेवढा अडाणी. तू शहाणा होतास म्हणून मी घराबाहेर आहे.

मावशींनी विचारलं, डोळ्यांत मीठ गेलं का. हो म्हटलं.

भांडण मी पुढं केव्हाही करीन, तोंड काही झिजत नाही. आत्ता एकच कर. बाबांना समोर बसव आणि एवढं वाचून दाखव: बाबा, मी विष घातलं नव्हतं. खत जास्त घातलं, घाई केली, चुकलो. दादाला हे माहीत होतं.

एवढं वाच. मग तुझ्या हाताखाली नुसत्या झाऱ्या भरायलाही येईन.
भिंगरी


ता. १२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ. बाबांना समोर बसवून तुझं पत्र वाचून दाखवलं. तू खुशाल आहेस, जेवणाची आबाळ नाही, कामात हात बसलाय, असं वाचलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, रोपांबद्दल काही लिहिलंय का त्यानं?

मी म्हटलं, नाही.

त्यांनी कागद मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, एक शब्द लिहिला असता तर बोलावून घेतलं असतं.

तब्येतीला जप. आमच्यावरची माया असू दे.
तुझा दादा