नदीपलीकडच्या बहिणीसाठी

मी, मापालेसा सेफाकी, विधवा, राहणार मापुत्सोए, देश लेसोथो, शुद्धीवर असून कोणाच्या धाकाने नव्हे तर आपल्या मर्जीने हे लिहून ठेवते. माझा दीर रामोचेले म्हणतो, "वहिनी, बाईमाणसाचं कसलं मृत्युपत्र? तू आमच्या ताब्यात." गेल्या ऑक्टोबरात देश स्वतंत्र होऊन सज्ञान झाला, मी मात्र कायद्याने अजून अज्ञानच. तरी लिहिते.

शेत मला कोणाला देता येत नाही. जमीन सगळ्या प्रजेची, वाटणार आमचा सरदार. तो कोणाकडे झुकेल ते सांगायला नको.

घर आणि शिवणयंत्र माझी लेक पालेसा हिला. दिराने तिला बाहेर काढल्यास माझे तळतळाट त्याला लागतील.

आता घोडीबद्दल. पूर्वीही सरहद्दीच्या नदीवर चौकी होती, पण पहारेकरी डोळेझाक करीत. दर रविवारी झगा खोचून मी पाण्यातून पलीकडे बहिणीकडे, दितेबोहोकडे, जात असे. आमचा झेंडा चढला तेव्हा मी घसा बसेपर्यंत ओरडले आणि दुसऱ्या सकाळी ज्वारीची बिअर घेऊन तिला सांगायला निघाले. पलीकडच्या शिपायाने पाण्यातच अडवले.

"म्हातारे, तू आता परदेशी. पासपोर्ट काढ."

"अरे मेल्या, ती बघ माझी बहीण, तुझ्यामागे उभी आहे!"

"मग इथूनच हात हलव."

आमच्या देशाच्या चारही दिशांना पलीकडच्या गोऱ्या सरकारचाच मुलूख. घर आमचे झाले, पण कडी बाहेरून.

पासपोर्टाला दिराची सही लागते. त्याने घोडी मागितली, मी दिली. मग शिवणयंत्र मागितले. त्यावर पालेसाचे पोट आहे, ते दिले नाही. सही अजून झालेली नाही. घोडी त्याला लाथा मारते असे ऐकते. तिला माझा आशीर्वाद.

लग्नात दितेबोहोने दिलेल्या घोंगडीत मला गुंडाळून नदीकाठच्या चढावर पुरावे. आमच्यात मेलेल्याचे तोंड उगवतीकडे करतात. माझे मावळतीकडे, नदीकडे करावे. पालेसा रडली, "आई, सूर्याकडे पाठ? लोक काय म्हणतील?" म्हणू देत. सूर्य रोज नदी ओलांडतो, त्याला कोणी अडवत नाही. दितेबोहोला मातीला येता येणार नाही. ती पलीकडच्या काठावर येऊन उभी राहील. तिच्याकडे पाठ करून मी झोपणार नाही.

मजकूर वाचून घेतला, कबूल आहे.
सही: मापालेसा सेफाकी

साक्षीदार:
१. लेबोहांग त्सिऊ, शाळामास्तर
२. माकेनेउए राली, शेजारीण (अंगठा)

मापुत्सोए, ३ सप्टेंबर १९६७