शेवटच्या कॉर्डमधला ग

गुरुवार, संध्याकाळ

चौथ्यांदा खोडलं. आता कागदच फाटेल. चर्चच्या क्वायरसाठी गीताचे चार आवाज लिहितेय आणि संगीताच्या थिअरीच्या सरांनी शेवटच्या कॉर्डवर, चारही आवाज एकदम लागतात त्या सुरांवर, पुन्हा लाल गोल केलाय. म्हणे, "गाणं फर्स्ट इन्व्हर्जनवर संपवत नाहीत. तळाला सा हवा, तुम्ही ग ठेवलाय. शेवट लटकतो."

लटकतो हे मलाही ऐकू येतं हो! पण तळाची ओळ पप्पा गातात, आणि आजारपणानंतर त्यांचा आवाज तेवढा खाली उतरतच नाही. ग लागतो, सा नाही. हे सरांना कसं सांगू? आणि का सांगू? त्यात तळाच्या वरच्या आवाजाला, टेनरलाही मी ग देऊन बसले; अशा कॉर्डमध्ये ग दोनदा चालत नाही, म्हणजे आणखी एक चूक. एका ग साठी किती खोडायचं?

चिडून कीबोर्डवर तोच कॉर्ड आपटत होते. पप्पा भाजीची पिशवी घेऊन दारातच थांबले.

"हा ग माझ्यासाठी का?"

मी कागद वहीखाली सरकवला.

"सा लिही. नाही लागला तर नुसतं तोंड हलवीन. क्वायरमध्ये माझ्या शेजारी उभे राहणारे सॅम्युएल वीस वर्षं तेच करतायत."

लिहिला सा. नियम पाळला गेला, आणि तरी मला सरांचाच राग येतोय.