उडत्या गड्याची मूठ आणि माझी काठवट

ता. ८ जाने., गुरुवार
आज आलं : शाळू ज्वारी दहा किलो, ४८० (गेल्या खेपेपेक्षा महाग, पण दाणा टपोरा). भोगीसाठी बाजरी दोन किलो, ८०. तीळ पाव किलो, ६०. गूळ किलोभर, ६०.
कुरिअरनं मुंबईहून स्नेहलकडून : ह्यांना गुडघ्याचा पट्टा, मला स्वेटर, आणि पिठाची आपलीच पिशवी, रिकामी, घडी घालून. किमतीच्या चिठ्ठ्या पोरीनं फाडून टाकल्यात. त्यामुळे रक्कम मांडता येत नाही. देवीनं मांडून घेतली असेल.
उद्या तिचा पिक्चर लागणार. शालनवहिनी कुंपणावरून विचारत होत्या, "स्नेहल हिरॉईन हाय व्हय त्यात?" म्हटलं, न्हाई ओ. पडद्यावर माणूस चालला की ही तिकडं खोलीत बूट घालून चालती. भांडं पडलं की ही पाडती. तो आवाज पिक्चरला जोडतात. वहिनी म्हणाल्या, "एवढं शिकून भांडी पाडायला?" काय सांगणार.
पण ह्या पिक्चरच्या शेवटी पहिल्यांदाच तिचं नाव येणार आहे. सहा वर्षं बिननावाची राबली. अंबाबाई, तुझे उपकार.

ता. १० जाने., शनिवार
पिक्चर काल लागला. हे दूध आणायला म्हणून गेले ते थेटरावरून चक्कर मारून आले. "सकाळच्या खेळाला कुत्रं न्हाई." म्हटलं, सकाळी कोण जातंय. "काल संध्याकाळीबी गेलतो."
दुपारी स्नेहलचा फोन. आवाज बसलेला. "आई, इथं काही खरं नाही. सगळीकडं असंच. मालक म्हणतात आता बाहेरच्या देशांत काय गोळा होतंय त्यावर. तिकडून पैसा फिरला तर दुसरा भाग काढणार. दुसरा भाग निघाला तर मला कायम करणार."
आणि नाही निघाला तर घरी. दिवाळीतच ह्यांनी तिच्याकडून शब्द घेतलाय. "ह्या पिक्चरनंतर कायम न्हाई झालीस तर गप उचगावला यायचं, स्थळं बघायची." तीही हो म्हणून बसली.
मग म्हणाली, "आई, एक सांगायचं राहिलं. पिक्चरमधला तो उडणारा हिरो मूठ मारतो ना, तो आवाज तुझा आहे."
दिवाळीत आली होती तेव्हा पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, माझ्या बांगड्या काढायला लावल्या (एक हिरवी मी ठेवली, तिच्यावर रुमाल बांधला) आणि शेजारी यंत्र ठेवून मला भाकऱ्या थापायला बसवलं. मला वाटलं आठवण म्हणून. जाताना भाकरी थापायची लाकडी काठवटही घेऊन गेली, तिथं लागेल म्हणाली. उशी मारून बघितली होती, फ्लॉवरचा गड्डा मारून बघितला होता, पण माझ्या भाकरीसारखी मूठ कशाचीच बसेना म्हणे.
कुकर लावायचाय म्हणून फोन ठेवला. कुकर लावायचा नव्हता.

ता. ११ जाने., रविवार
पूजेत लक्ष नाही. लग्नात आईनं दिलेली अन्नपूर्णा घासली, परत घासली. पिठाला पाय लागला तर आपण हात जोडतो. थापताना एकेका थापेला मी देवीचं नाव घेते. तो हात आता देशोदेशी माणसांच्या तोंडावर बसतोय.
ह्यांना सांगितलं. हसून ह्यांना ठसका लागला. "तुझ्या हातात ताकद हाय हे मला म्हाईत हाय की. जगाला आत्ता कळालं."
म्हटलं, मी कुणाला कधी मारलेलं नाही.
"आणि राग आल्यावर ताटात भाकरी आपटतीस ती?"
मी उठून आत गेले.
तरी एक लिहायला हवं. पोरीनं मला विचारलं नाही, पण लपवलंही नाही. सांगताना तिचा आवाज तेवढ्यापुरता उघडला होता.

ता. १३ जाने., मंगळवार. भोगी
बाजरीच्या भाकऱ्या स्टीलच्या परातीत. परात सरकते, कड फाटते, तीळ निम्मे बाहेर. काठवट सासूबाईंच्या वेळची, तिच्यात हात आपोआप फिरायचा. तरी भोगीची भाजी छान झाली. देवाला दाखवलं.
दाखवताना सुचलं. उडता जेवढ्या मुठी मारतो तेवढ्या भाकऱ्या दान करायच्या, म्हणजे फेड झाली. मोठ्या दवाखान्याच्या आवारात खेड्यापाड्यातून आलेली पेशंटची माणसं बसलेली असतात, त्यांना. पण किती मुठी हे बघायला थेटरात जावं लागणार. तिकीट दीडशे. दोघांचे तीनशे. स्नेहल सात-आठ वर्षांची असताना शेवटचा पिक्चर बघितला होता.
हे म्हणाले, "फुडच्या आठवड्यात उतरवतील. जायचं तर लगीच."

ता. १६ जाने., शुक्रवार
गेलो. जपमाळ गोमुखीत घालून नेली होती, एका मुठीला एक मणी. आत आम्ही दोघं, कॉलेजची चार पोरं, आणि मागं एकजण झोपलेला.
उडता गडी बरा आहे. लोहाराचा मुलगा, आई नाही, गावावर धरण फुटायच्या बेतात. पहिली मूठ बसली आणि माझा खांदा हलला. तीच थाप. आधी पंजा, मग बोटं. दुसऱ्या-तिसऱ्या मुठीपर्यंत मणी बरोबर ओढले. पुढं एका मुठीत, अगदी बारीक, काचेचा आवाज आला. रुमालाखालची माझी हिरवी बांगडी. पोरांना काही कळलं नसणार. मी ह्यांचा हात धरला. हे म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, बांगडी.
तिथून मोजदाद सुटली. धरणाची भिंत तो मुठीनं सावरतो तिथं मणी कुठला आणि मूठ कुठली, मला काही सुधरेना. त्या गड्याला सुखरूप वर काढ एवढंच म्हणत बसले.
संपल्यावर दिवे लागले, झाडूवाला आत आला, पोरं गेली. पडद्यावर बारीक नावं चाललेली. हे उभे राहिले आणि झाडूवाल्याला म्हणाले, "थांबा की पावणं. पोरीचं नाव येतंय."
तो झाडू टेकवून आमच्याजवळ उभा राहिला. "कुठलं?"
"येईल की. बघा."
आलं. स्नेहल. मधे ह्यांचं नाव नाही, नुसतं स्नेहल आणि आडनाव. झाडूवाल्यानंच आधी वाचलं. येताना ह्यांनी रिक्षा केली, मी नको म्हणत होते तरी. ७०.

ता. १८ जाने., रविवार
शालनवहिनी दानाच्या भाकऱ्यांना मदतीला आल्या. त्यांनी थापल्या, मी भाजल्या, मग उलटं. सोबत झुणका. हे स्कूटरवरून दोन खेपा करून दवाखान्यात पोचवून आले. किती झाल्या ते मांडलं नाही. लग्नापासून हिशोब लिहिते, न लिहिलेलं हे पहिलंच.
गारगोटीकडची एक म्हातारी ह्यांना म्हणाली म्हणे, "भाकरी थापणारीचा हात दुखंल, तिला तेल लावा." हे मला सांगत होते आणि तेलाची बाटली जवळ सरकवत होते.

ता. २० जाने., मंगळवार
धाकट्या बहिणीचा अमोल मस्कतला असतो, तिथं गोदामात कामाला. त्याचा फोन आला. त्याला मी काठवटीचं काहीएक सांगितलेलं नाही. बहिणीलाही नाही.
"मावशी, स्नेहलताईचा पिक्चर बघितला. आठ-दहाजण गेलतो, सगळी आपल्या भागातली. एक इचित्र झालं बघ. मारामारी चाललीया आणि मला भूक लागाय लागली."
"थेटरात थंडी असती, म्हणून."
"तसं न्हाई. खर्डा-भाकरीची भूक. शेजारच्याला म्हटलं तर तो म्हणतोय मलाबी. निघालो ते भाकरी कुठं मिळंल का हुडकत हिंडलो. काय मिळती? रोटी खाऊन झोपलो."
म्हटलं, अमोल, तू आलास की करते.
"आणि मावशी, फुडच्या शुक्रवारी परत चाललोय. आणि धा जणं येतो म्हणत्यात."
फोन ठेवून देवापुढं बसले. तिकडं वाळवंटात बसलेल्या पोराला मुठीतून भाकरी ओळखू आली. म्हणजे हात बाटला नाही. एवढंच मला कळून घ्यायचं होतं. आई, तू सांगितलंस.

ता. २५ जाने., रविवार. रथसप्तमी
अंगणात दूध उतू जाऊ दिलं. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, बायका येऊन गेल्या. वाण म्हणून चहागाळण्या, डझन १८०.
पिक्चर इथला उतरला. पण हे आता रोज सकाळी चष्मा लावून मोबाईल घेऊन बसतात, पूर्वी गुळाच्या सौद्याचा दर बघायचे तसे. "अमेरिका पडली. तिथं मुळातच खेळ कमी हुते." जरा वेळानं, "मस्कत, दुबई धरून हाय. खेळ वाढीवल्यात." आज तर, "ऑस्ट्रेलियात बारक्या थेटरांतनं लागलाय, तिथं रविवारचा फुल्ल." कुणाला सांगत होते? घरात मी एकटी, आणि मी तर पोळ्या लाटत होते.
म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? अट तुमचीच. पडला तर पोरगी घरी येईल.
"मी कुठं काय म्हणतोय?" म्हणाले. मोबाईल खिशात घातला. परत काढला.

ता. २९ जाने., गुरुवार
स्नेहलचा फोन, अगदी थोडा वेळ. तिच्या खोलीत मोबाईल बंद ठेवावा लागतो. "बाहेरचा आकडा वाईट नाही, पण लागतो तेवढाही नाही, आई. काठावर आहे. सोमवारी मालक बसणार आहेत. नाही म्हणाले तर आठ दिवसांत येते. बाबांना शब्द दिलाय. काठवट घेऊनच येते."
मी अमोलचं सांगितलं, मस्कतला भूक लागल्याचं. मग म्हणाली, "आई, बांगडी तुला ऐकू आली?" म्हटलं, आली. "मालक काढ म्हणत होते. मी नाही काढली."

ता. ३० जाने., शुक्रवार
देवीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. १२०. रांगेत उभी राहून काय मागायचं ते ठरेना. पोरगी जवळ यावी असं मन म्हणतं. तिचं तिथं बस्तान बसावं असंही तेच मन म्हणतं. गाभाऱ्यासमोर आले आणि मागायचं राहूनच गेलं. झाडूवाला थांबला ते सांगितलं, म्हातारीनं तेल लावायला सांगितलं ते सांगितलं, अमोलचं सांगितलं. मागची बाई म्हणाली, "ओ काकू, सरका की फुडं." सरकले.
प्रसादाचा पेढा ह्यांना दिला. हे म्हणाले, "काय मागितलंस?" म्हटलं, काही नाही.
"मग बरं झालं," म्हणाले. का बरं झालं ते सांगितलं नाही.

ता. १ फेब्रु., रविवार
सकाळी स्कूटर घेऊन गेलेले हे जेवायच्या वेळेला आले. मागं पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. ओट्यावर ठेवून सोडलं. नवी काठवट. सुताराकडं जुन्या घराची तुळई पडून होती, त्यातून करून घेतली म्हणे. आठवड्यापूर्वीच सांगून ठेवलेली. किंमत विचारली तर म्हणाले, "लिवू नगंस."
म्हटलं, जुनी येणार की आठ दिवसांत. मग एका घरात दोन कशाला?
"जुनी तिकडंच ऱ्हाऊ दे. तिचा आवाज तिथं बसलाय."
"आणि दुसरा भाग नाही निघाला तर?"
"तिसऱ्या कुणाचातरी पिक्चर निघंल की." आणि हात धुवायला गेले.
काठवटीला तेल चोळलं, उन्हात ठेवली, संध्याकाळी पहिली भाकरी थापली. चिकटली. दुसरी बरी झाली. आवाज अजून कोरा आहे. होईल.
पिठाची पिशवी भरून शिवली. उद्या टपालानं पार्सल. आत घालायची चिठ्ठी इथं उतरवून ठेवते :

चि. स्नेहल, अनेक आशीर्वाद. शाळूचं पीठ पाठवत आहे, मुंबईचं पीठ थापेला नीट बसत नाही म्हणाली होतीस. बाबांनी घरासाठी नवी काठवट आणली आहे. त्यामुळे जुनी परत आणायची नाही. मालक काहीही म्हणोत, ती तिथंच ठेवायची, असं बाबा म्हणतात. तेल लावत जा, भेग पडेल. शब्दाचं ओझं बाळगू नकोस. ज्यांनी घेतला त्यांनीच आज सुताराला पैसे दिले. पीठ पोचलं का, आणि सोमवारी काय ठरलं, होय असो नाही असो, दोन ओळी उलट टपाली कळव. फोनवर नको. फोन हल्ली हेच आधी उचलतात.