खुराड्यातली जिलेबी

सातारा, ४ जानेवारी १९४३
सांगलीच्या ख्रिस्ती साहित्य कमिटीचे पत्रक आले. युद्धामुळे कागदाची टंचाई, म्हणून यंदा एकच कादंबरी छापणार. अटी दोन. नीतीचा दर्जा उच्च हवा आणि पापाशी झगडा खरा वाटला पाहिजे. पहिली अट माझ्यासाठीच घातलेली दिसते. दुसरीची जरा अडचण. बराच वेळ आठवून पाहिले, पण माझ्याकडे पाप असे काही नाही. मिशन शाळेच्या मास्तरला सवड तरी कुठे? बाहेरून आणावे लागेल.

८ जानेवारी
पाप मिळाले. मिशनच्या बंगल्यावरचा माळी धुळा पूर्वी दारू प्यायचा. आता सुटली आहे असे सगळी मंडळी समजते. कुणाला सांगणार नाही असे मी पवित्र शास्त्रावर हात ठेवून वचन दिले, तेव्हा बोलला. एक भरलेली बाटली अजून कोंबड्यांच्या खुराड्यात आहे. कोंबड्या मोजून येतो म्हणून रोज संध्याकाळी जातो, बाटली हातात घेतो, परत ठेवतो. म्हणाला, मास्तर, चार वर्सांत येक दिस बी सोपा गेला न्हाई. आमच्या बनूला कळलं तर पलूसला म्हायारी निघून जाईल.
ऐकून डोळ्यांत पाणी आले. पण कादंबरीत हे चालणार नाही. चार वर्षे झगडा कोण वाचत बसणार? माझा नायक विजयानंद दारू एका रात्रीत सोडतो. सकाळी चेहऱ्यावर तेज.

२० जानेवारी
पाठवलेल्या आराखड्यावर कमिटीचे उत्तर. दारू नको, वाचक मोहात पडेल. तंबाखू केली.

२९ जानेवारी
तंबाखू नापास. कमिटीचे अध्यक्ष पाइप ओढतात, त्यांनी ते स्वतःवर ओढून घेतले. चहा केला.

६ फेब्रुवारी
चहाला तर अख्ख्या कमिटीची हरकत. शेवटी जिलेबी. विजयानंद जिलेबी खुराड्यात लपवतो आणि कोंबड्या मोजून येतो म्हणून रोज संध्याकाळी जातो. एवढाच तपशील ठेवला. यात वचनभंग नाही. धुळाने मला दारूबद्दल सांगितले होते, जिलेबीबद्दल नाही.
पश्चात्तापाचे प्रकरण फारच सुंदर उतरले आहे. लिहिताना स्वतःच रडलो. त्यात घरातले रॉकेल संपले. बायको प्रमोदिनी अंधारात भाकऱ्या थापत होती. कलेसाठी माणसाने सोसले पाहिजे.

१४ फेब्रुवारी, रविवार
चर्चमधल्या सभेत जिलेबीचे प्रकरण वाचले. विलक्षण परिणाम. कोंबड्या मोजण्याच्या वाक्याला धुळाची बनुबाई ताडकन उठली आणि तडक घरी गेली. तिच्यामागे धुळा. त्याच्यामागे निम्मी सभा. माझ्या लिखाणाने माणसे जागची हलतात हे आज डोळ्यांनी पाहिले.

१५ फेब्रुवारी
बनुबाईने बाटली पाळकसाहेबांच्या पायरीवर फोडली आणि पलूसला निघून गेली. धुळा बागेत आला नाही. पाळकसाहेब म्हणाले, बाटलीचे बूच एकदाही उघडलेले नव्हते, पण हे आता तिला कोण पटवणार? मी म्हणालो, दुसऱ्या आवृत्तीत खुलासा घालतो. ते कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिले. आदराने असावे.

१८ फेब्रुवारी
साखर रेशनवर असल्यामुळे जिलेबीही काढा असे कमिटीचे म्हणणे. काढली. आता विजयानंद काहीच करत नाही. पश्चात्ताप मात्र तसाच ठेवला.

२१ फेब्रुवारी, रविवार
मंडळीसमोर धुळाची क्षमा मागा, अशी पाळकसाहेबांची आज्ञा. आनंदाने कबूल. मजकूर तयारच होता. विजयानंदाच्या जागी 'मी' घातले आणि सगळे प्रकरण वाचले. वाचताना तीनदा डोळे पुसले. शेवटच्या बाकावरून धुळा म्हणाला, मास्तर, रडलासा लय. पर तुमी केलं काय, त्ये ह्यात कुठं हाय? लोक माना डोलवू लागले. पाळकसाहेब म्हणाले, काय केले तेवढेच लिहून द्या. धुळा उद्या ते घेऊन पलूसला जाईल. तेवढे वाचून तरी बनुबाई परत येते का बघू.

२२ फेब्रुवारी
सकाळपासून बसलो आहे. 'मी' एवढेच लिहून झाले. धुळा पिशवी घेऊन ओट्यावर बसला आहे. आज त्याच्याकडे बघवत नाही. गाडीची वेळ होत आली. प्रमोदिनी म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. मी टाक तिच्या हातात दिला आणि डोळे मिटून पहिले वाक्य जुळवू लागलो.
डोळे उघडले तेव्हा तिने पान भरून उलटले होते. मी अजून एक शब्दही सांगितलेला नाही.